आगळाच्या बाटलीची वेबसाईट: सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं?

गोव्यातल्या शिरोड्याहून एका ताईंचं पत्र आलंय, थोडं आवरून देते:

"मी घरीच कोकमाचं आगळ (मीठ घातलेला रस), सोलं, फणसाची साटं, मिस्कूट (कैरीचं लोणचं) आणि शागोतीचा मसाला करून विकते. सहा वर्षं झाली. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर, महिन्याला चाळीसेक, चवथीच्या महिन्यात दुप्पट. आता मुंबई-पुण्याचे लोक पण विचारायला लागलेत म्हणून वेबसाईट करावी म्हणते. मडगावच्या एकाने ३५ हजार सांगितले. भाचा म्हणतो वर्डप्रेस फुकट आहे मावशी, मी करून देतो. आणि यूट्यूब उघडलं की विक्स नाहीतर शॉपिफायची जाहिरात. मला कम्प्युटर फारसा येत नाही, फोन व्यवस्थित येतो. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? साईट मराठीत ठेवू की इंग्रजीत? आणि घरचा पत्ता टाकायला मन होत नाही, दिवसभर घरात मी आणि सासूबाई दोघीच असतो."

ताई, तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात कामाचं वाक्य वाटलं ते 'फोन व्यवस्थित येतो' हे. सॉफ्टवेअर निवडताना सगळे आधी डिझाईन बघतात, रंग किती छान, फोटो कसे सरकतात वगैरे. तुम्ही एकच गोष्ट बघा. चवथीला चार दिवस राहिलेत, रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि आगळाच्या शेवटच्या सहा बाटल्या गेल्या. कोकमाचा सीझन एप्रिल-मेचा, तेव्हा घालून ठेवलेलं संपलं की पुढच्या वर्षीच. आता साईटवर 'आगळ संपलं' हे कोण लिहिणार? स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, हातातल्या फोनवरून, दोन मिनिटांत तुम्हालाच ते करता आलं तर ते सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं. त्यासाठी भाच्याला शोधायला लागत असेल, नाहीतर मडगावच्या माणसाला तीनदा मेसेज करायला लागत असेल, तर ते कितीही भारी असू दे, तुमच्या धंद्याला ते बसत नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. माझी वहिनी गोधड्या शिवते, जुन्या सुती लुगड्यांच्या, खूप सुंदर करते. २०१६ मध्ये आम्ही ओळखीतल्या एका मुलाकडून तिची साईट करून घेतली, दिसायला मस्त झाली होती, तिने गावभर दाखवली. डोमेन, म्हणजे साईटचं नाव, त्याच्या नावावर, होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायची जागा, त्याच्या अकाऊंटवर, पासवर्ड त्याच्याकडे, आम्हाला तेव्हा हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. दीड वर्षाने तो बोटीवर नोकरीला गेला. फोन लागेना, ईमेलला उत्तर नाही, रिन्युअलची आठवण जी यायची ती त्याच्या ईमेलवर यायची, आणि एके दिवशी साईट उघडली तर तिथे कुठल्यातरी भलत्याच जाहिराती. नाव गेलं ते गेलंच. वहिनीने छापून घेतलेली पाचशे कार्डं तशीच कपाटात पडून राहिली आणि त्यानंतर दोन वर्षं ती वेबसाईटचं नाव काढू देत नव्हती. त्या मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं, पण नुकसान व्हायचं ते झालंच.

म्हणून सॉफ्टवेअरच्या आधी डोमेन. ते तुमच्या स्वतःच्या ईमेलवरून, तुमच्या कार्डने किंवा यूपीआयने, तुमच्या नावावर घ्या. शेजारी भाच्याला बसवा हवं तर, पण अकाऊंट तुमचं. डॉट कॉम किंवा डॉट इन, वर्षाला साधारण हजाराच्या आसपास पडतं, आणि पहिल्या वर्षी शंभर-दोनशेला देतात तिथे दुसऱ्या वर्षाचा रेट काय ते खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. नाव छोटं ठेवा, फोनवर सांगताना दोनदा स्पेलिंग सांगायला लागू नये. डॉट भारत असं देवनागरीतलं डोमेन पण मिळतं, ऐकायला छान वाटतं, पण लोकांना टाईप करायला जमत नाही, तेव्हा एकटं ते घेऊ नका.

डोमेन तुमच्या हातात असलं की सॉफ्टवेअर कधीही बदलता येतं, ग्राहकाला पत्ता तोच राहतो. गूगल बिझनेस प्रोफाईलवर, म्हणजे गूगल मॅपवरच्या दुकानाच्या नोंदीबरोबर, पूर्वी फुकट साईट मिळायची, खूप छोट्या दुकानांनी ती केली होती, २०२४ च्या मार्चमध्ये गूगलने ती सोयच बंद केली. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी ते दुसरीकडे वळवलं, बाकीच्यांचा छापलेला पत्ता वाया गेला. गूगलएवढी कंपनी असं करू शकते तर कुठल्याच फुकट गोष्टीच्या भरवशावर नाव ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

आता सॉफ्टवेअर. भाचा म्हणतो ते अर्धं खरं. वर्डप्रेस २००३ पासून आहे, सॉफ्टवेअर म्हणून खरंच फुकट आहे, आणि जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साईट त्याच्यावर चालतात, म्हणजे वाईट नक्कीच नाही. पण ते ठेवायला जागा लागते, होस्टिंग, त्याचे पैसे दर वर्षी द्यायचे. दुकान हवं तर वूकॉमर्स नावाचा प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, घालायचा, मग पेमेंटचा एक, फॉर्मचा एक, बॅकअपचा एक, आणि हे सगळे प्लगिन वरचेवर अपडेट करायला लागतात. नाही केले तर जुन्या प्लगिनमधूनच साईट हॅक होतात. भाचा आत्ता कॉलेजला आहे का नोकरीला ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण दोन वर्षांनी तो कुठे असेल? करून देणं दोन दिवसांचं काम आहे, सांभाळणं दर महिन्याचं. त्याने सांभाळायची जबाबदारी पण घेतली आणि तुम्हाला रेट बदलायला शिकवलं तर वर्डप्रेससारखं स्वस्त आणि मोकळं काही नाही, सगळं तुमच्या मालकीचं राहतं आणि उचलून दुसऱ्या होस्टिंगला नेता येतं. आणखी एक, वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉट कॉम ही कंपनीची सर्व्हिस, महिन्याचे पैसे घेऊन तेच सांभाळतात. डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर घेऊन आपण कुठेही ठेवायचं. भाचा कुठल्याबद्दल बोलतोय ते विचारून घ्या.

विक्सचं म्हणाल तर करायला सगळ्यात सोपं, फोटो उचलून हवा तिथे ठेवायचा, फोनवर अ‍ॅप पण आहे. पण फुकटच्या प्लॅनमध्ये त्यांची जाहिरात दिसते आणि स्वतःचं डोमेन जोडता येत नाही, म्हणजे धंद्यासाठी पैसे भरायलाच लागतात. आणि विक्सवर बनवलेली साईट तिथून उचलून दुसरीकडे नेता येत नाही, सोडायची झाली तर नव्याने बनवायची. हे माहीत असून घेतलं तर काही हरकत नाही. स्क्वेअरस्पेस दिसायला देखणं, पण तुमच्या कामाला मी नाही सुचवणार. ड्रीमवीव्हर वगैरे कुणी सांगितलं तर ते डिझायनर लोकांचं अवजार आहे, सोडून द्या.

शॉपिफाय हे खरं दुकानाचं सॉफ्टवेअर. स्टॉक, ऑर्डर, बिल, कुरिअर, सगळं फोनवरच्या अ‍ॅपमधून बघता येतं, तुमच्या रात्री साडेदहाच्या परीक्षेत ते सहज पास होतं. पण महिन्याचं भाडं चालू, मे महिन्यात विक्री झाली नाही तरी भाडं आहेच. शिवाय शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट भारतात नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीचं पेमेंट गेटवे, म्हणजे साईटवर ऑनलाईन पैसे घ्यायची सोय, लावायला लागतं, आणि तसं केलं की बेसिक प्लॅनवर शॉपिफाय प्रत्येक ऑर्डरमागे आणखी २ टक्के घेतं. गेटवेवाले साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असं वेगळंच घेतात. ५०० रुपयांच्या ऑर्डरवर गेटवेचे ११ रुपये ८० पैसे आणि शॉपिफायचे १० धरा. मिस्कुटाच्या बरणीत तुम्हाला सुटतात किती, त्यातून हे वजा करून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर पाठवून जे यूपीआयने पैसे घेता त्याला आज काहीच कापलं जात नाही. महिन्याला दोनशे-तीनशे ऑर्डरी असत्या तर मी लगेच शॉपिफाय म्हटलं असतं, किंवा झोहोचं कॉमर्स बघा म्हटलं असतं, ती आपली चेन्नईची कंपनी आहे आणि जीएसटीचं बिल वगैरे त्यात आधीपासून बसवलेलं असतं. चाळीस ऑर्डरींना आत्ता नको.

तर मी तुमच्या जागी काय केलं असतं ते सांगते. पहिलं वर्ष गूगल साईट्स. जीमेल अकाऊंट असलं की फुकट, स्वतःचं डोमेन जोडता येतं, आणि वर ते कुलूप दिसतं ना एचटीटीपीएसचं, ते आपोआप मिळतं. कार्ट नाही, ऑनलाईन पेमेंट नाही, डिझाईन साधं. गूगल साईट्सची एक मोठी अडचण म्हणजे ती फोनवरून नीट एडिट करता येत नाही, कम्प्युटर लागतो. मग रात्री साडेदहाचं काय? त्याला युक्ती आहे. दरपत्रक गूगल शीटमध्ये करा, माल, वजन, रेट, आणि शेवटच्या रकान्यात 'आहे' किंवा 'संपलं'. ती शीट साईटच्या पानावर घाला आणि शेअरिंगमध्ये लिंक असलेल्या कुणालाही फक्त बघता येईल असं करून ठेवा. शीटचं अ‍ॅप फोनवर एकदम सोपं, तिथे तुम्ही 'संपलं' लिहिलं की साईटवर पण तेच दिसतं. भाचा एका रविवारी हे सगळं करून देईल, नंतर त्याची गरज जवळजवळ लागणार नाही. शीटमध्ये ग्राहकांची नावं-नंबर मात्र चुकूनही ठेवू नका, ती वेगळी वही.

आणि ऑर्डर घ्यायला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, साधं नाही, बिझनेसचं अ‍ॅप, तेही फुकट. त्यात कॅटलॉग असतो, फोटो, रेट, वर्णन सगळं घालता येतं. साईटवर मोठं बटण ठेवा 'ऑर्डरसाठी व्हॉट्सअ‍ॅप करा', दाबलं की तुमचं चॅट उघडतं. तुमचे ग्राहक आत्ता तिथेच आहेत, त्यांना तिथून हलवायची काय गरज? आणि माल तुम्हाला बोलून विकायला लागतो हेही आहेच. पुण्याचा माणूस आगळ मागतो आणि त्याच्या डोक्यात असतं गोड अमृत कोकम, मग बाटली गेली की फोन येतो की हे खारट का. चॅटवर एक वाक्य बोललं की हे टळतं.

मग साईट कशाला, असं तुम्ही विचाराल. साईट ही विश्वासासाठी आणि गूगलवर सापडण्यासाठी. मुंबईत बसलेल्या माणसाला तुम्ही कोण, कुठे करता, कशात करता, किती दिवस टिकतं, कुरिअरने कसं येतं, हे एका जागी वाचायला मिळालं की तो पैसे पाठवायला घाबरत नाही. त्यामुळे 'दर्जेदार आणि चविष्ट उत्पादने' असलं काही लिहू नका. साटं उन्हात किती दिवस वाळवता ते लिहा, साखर घालता का नाही ते लिहा, शागोतीच्या मसाल्यात खोबरं भाजून घातलंय म्हणून तो किती दिवसांत संपवायचा ते लिहा. आगळाची बाटली कुरिअरने पाठवत नसाल तर तेही स्पष्ट लिहा.

भाषेचं विचारलंत. दोन्ही ठेवा, एकाच पानावर वर मराठी, खाली इंग्रजी, दोन वेगळ्या साईट सांभाळत बसू नका. पण मालाची सगळी नावं लिहा. आपण सोलं म्हणतो, पुण्यात आमसुलं म्हणतात, कुणी नुसतं कोकम म्हणतो, आणि टाईप करताना बरेच लोक रोमन अक्षरांत टाईप करतात. माणूस त्याच्या शब्दाने शोधतो, तुमच्या नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्येच पाहिजे, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसतो तो. लेबलं छापणाऱ्याकडून जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर आणून साईटवर चिकटवला तर अगम्य चिन्हं दिसतील आणि गूगलला पण काही कळणार नाही, फोनवर गूगलच्या कीबोर्डने परत टाईप केलेलं बरं. फॉन्ट मुक्ता किंवा बालू घ्या, 'एक टाईप' नावाच्या मुंबईच्या मंडळींनी केलेत, फुकट आहेत आणि जोडाक्षरं सुरेख दिसतात.

फोटो फोनचेच चालतील, सकाळी पडवीत, फ्लॅश न लावता. पण फोनचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, असे पंधरा टाकले तर पावसात रेंज पडली की पान उघडतच नाही. स्क्वूश नावाचं गूगलचं फुकट टूल ब्राऊझरमध्येच चालतं, त्यात फोटो दोनशे केबीपर्यंत आणा, दिसायला फरक कळत नाही.

मडगावच्या माणसाचे ३५ हजार जास्त की कमी हे मी सांगू शकत नाही, त्याने काय काय देणार ते तुम्ही लिहिलं नाहीये. चांगलं काम करणाऱ्याला पैसे द्यायलाच हवेत. पण त्याला विचारा की डोमेन कुणाच्या नावावर, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करणार, सगळे पासवर्ड मला मिळणार का, दुसऱ्या वर्षी किती द्यायचे, आणि रेट बदलायचा तर मला येईल का दर वेळी तुम्हाला पैसे द्यायचे. एसएसएलचे, म्हणजे त्या एचटीटीपीएसच्या कुलपाचे, वेगळे पैसे लावले असतील तर का ते विचारा, ते बहुतेक होस्टिंगबरोबर फुकट मिळतं. जो माणूस ह्या प्रश्नांची नीट उत्तरं देतो त्याच्याशी पुढे बोला, आणि जो 'ते टेक्निकल आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका' म्हणतो त्याच्याशी नको.

आता जे कुठलंच सॉफ्टवेअर तुम्हाला सांगणार नाही ते. खाण्याचा माल आहे म्हणजे एफएसएसएआयची, सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी हवी, तो १४ आकडी नंबर लेबलवर आणि साईटवर दोन्हीकडे टाका. सहा वर्षं करताय तर असेलच, नसेल तर वेबसाईटच्या आधी ते करा. आणि मुंबई-पुण्याला विकायचं म्हणजे दुसऱ्या राज्यात विक्री. गोव्यातल्या गोव्यात मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण लोणची-मसाल्यासारखा जीएसटी लागणारा माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी लागते. हे कुणी सांगत नाही आणि बायका बिचाऱ्या पार्सलं पाठवत राहतात. एकदा सीएकडे जाऊन हे बोलून या, त्याची फी वेबसाईटच्या खर्चात धरा. नंबर मिळाला, बाहेरच्या ऑर्डरी नेमाने यायला लागल्या, की मग पेमेंट गेटवे आणि खरं ऑनलाईन दुकान करायची वेळ आली असं समजा, आणि तेव्हा शॉपिफाय का वूकॉमर्स ते ठरवू, डोमेन तेच वळवायचं.

पत्त्याची तुमची भीती मला पूर्ण पटते. गूगल मॅपवर बिझनेस नोंदवताना 'ग्राहक माझ्याकडे येत नाहीत, मी त्यांच्याकडे माल पोचवते' असा पर्याय असतो, तो घेतला की घराचा पत्ता कुणाला दिसत नाही, फक्त भाग दिसतो. साईटवर पहिल्या वर्षी शिरोडा, तालुका फोंडा एवढं पुरे. पाकिटावरच्या लेबलवर मात्र करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता कायद्यानेच लागतो, आणि पुढे गेटवे घेतलं तर ते लोक साईटवर पण मागतात. तो लेबलवरचा पत्ता ज्याने माल विकत घेतलाय त्याच्याच हातात जातो, त्याची तेवढी धास्ती घेऊ नका. न्यायला येणाऱ्यांसाठी बाजारातल्या ओळखीच्या दुकानात बरण्या ठेवता येतील का बघा, म्हणजे दारात कुणी यायचा प्रश्न नाही. आणि बिझनेसला वेगळं सिम घ्या, घरचा नंबर साईटवर नको, रात्री नऊनंतर ते बंद ठेवता येतं.

ह्या आठवड्यात फक्त डोमेन घ्या ताई, बाकी भाच्याच्या रविवारी. आणि रिन्युअलची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेनाने लिहून ठेवा, एक महिना आधीच्या पानावर.